पार्ल्याचा वास आणि जिवाणूचं नाक

चर्चगेटहून निघालेली धिमी बोरिवली लोकल सांताक्रूझ सोडायची. डब्यात गर्दी अशी की खिडकी दिसत नाही, स्टेशनाची पाटी तर नाहीच. तरीही पार्ल्याला उतरणारा माणूस वेळेवर दाराकडे सरकायला लागायचा, कारण भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा गोड वास डब्यात शिरलेला असायचा. पार्ले कंपनीचा विलेपार्ले पूर्वेचा तो कारखाना १९२९ सालचा. २०१६ मध्ये तो बंद झाला आणि वासही गेला. पण ज्यांनी तो वास वर्षानुवर्षं घेतला त्यांना एक गोष्ट आठवत असेल. वास आधी पुसट यायचा, मग दाट व्हायचा आणि अंधेरीकडे निघालं की विरत जायचा. स्टेशन जवळ येतंय की मागे पडतंय हे कळण्यासाठी नुसतं नाक पुरत नव्हतं. क्षणभरापूर्वी वास किती होता, याची आठवणही लागत होती.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू नेमकं हेच करतो. त्याची लांबी साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तरी तो अन्नाचा वास घेतो, आताचा वास मघाच्या वासाशी ताडून पाहतो आणि त्याप्रमाणे पुढे जातो किंवा वळतो. जिवाणू अन्नाकडे ओढला जातो हे माणसाला एकोणिसाव्या शतकात कळलं. हे तो कसं करतो ते उलगडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. आणि हे करणारी प्रथिनं त्या एवढ्याशा देहात कुठे, कशी मांडून ठेवलेली आहेत, हे दिसलं ते अगदी आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या तीसेक वर्षांत. ही त्या शोधाची हकिगत. तिचा एक धागा आपल्या उपनगरात, पवईच्या तलावाकाठी येऊन पोचतो.

जिवाणू पाहणारा पहिला माणूस डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, लीवेनहूक. मिरी तिखट का लागते हे शोधण्यासाठी त्याने ती पाण्यात भिजत ठेवली, ते पाणी स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहून १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. ते जीव हलतात हे त्याने पाहिलं होतं. ते कुठे आणि कशासाठी जातात, हा प्रश्न मात्र पुढची दोनशे वर्षं कुणी नीट विचारला नाही.

तो विचारला थिओडोर एंगलमान या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. हा संगीतात बुडालेला माणूस होता. संगीतकार ब्राम्सने आपलं एक चतुष्टक त्याला अर्पण केलं आहे. १८८१ च्या सुमारास हॉलंडमधल्या उत्रेख्तमध्ये त्याने पाण्याच्या थेंबात हिरव्या शेवाळाचा धागा आणि जिवाणू एकत्र ठेवले. उजेड पडला की शेवाळ प्राणवायू सोडायचं आणि जिवाणू त्याच्याभोवती गोळा व्हायचे. अंधार केला की पांगायचे. मग त्याने लोलकातून प्रकाशाचे रंग वेगळे करून शेवाळाच्या धाग्यावर पाडले, तेव्हा जिवाणूंची दाटी तांबड्या आणि निळ्या भागापाशी झाली. वनस्पती कोणत्या रंगावर जगतात हे जिवाणूंच्या गर्दीवरून वाचण्याचा तो प्रयोग आजही शाळेच्या पुस्तकात असतो. त्यात मोजमापाचं उपकरण म्हणून खुद्द जिवाणूच वापरला होता, हे मात्र बहुधा सांगितलं जात नाही.

त्याच दशकात ट्युबिंगेनच्या विल्हेल्म फेफरने आणखी साधी युक्ती काढली. केसासारखी बारीक काचनळी, एक तोंड बंद, आत मांसाचा अर्क. तिचं उघडं तोंड जिवाणूंच्या थेंबात बुडवलं की काही मिनिटांत तोंडाशी झुंबड उडायची. या ओढीला त्याने केमोटॅक्सिस हे नाव रूढ केलं. जिवाणू अर्क किती आहे यापेक्षा तो भोवतालच्या मानाने किती पट जास्त आहे याला प्रतिसाद देतात, हेही त्याच्या लक्षात आलं. आपलीही गत तीच. अंधाऱ्या खोलीत एक पणती डोळ्यांत भरते, दिवाळीच्या रोषणाईत तिची वाढ जाणवतही नाही.

इतकी चांगली सुरुवात होऊनही हा विषय पुढे जवळजवळ सत्तर वर्षं मागे पडला. मला याचं कारण त्या काळाच्या भीतीत दिसतं. १८८२ साली रॉबर्ट कोखने क्षयाचा जिवाणू दाखवला, पाठोपाठ पटकीचा. जिवाणू हा शत्रू ठरला, आणि शत्रूला मारायचं असतं, त्याला कशाची आवड आहे हे विचारायचं नसतं. मुंबईने हे फार जवळून पाहिलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोकांचे लोंढे शहराबाहेर पडले, साष्टीतल्या गावांच्याही वाटेला लागले. ऑक्टोबरमध्ये जिवाणूशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या दिवसांत या शहरात जिवाणूच्या घ्राणशक्तीचा विचार करायला कुणाला सवड असणार? त्यातून प्लेगचा जिवाणू पोहतच नाही. त्याला पोहण्यासाठी लागणाऱ्या शेपटीसारख्या कशाभिका नसतात. त्याची ने-आण पिसू करते.

दरम्यान, १८८५ साली म्युनिकचे बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक सामान्य जिवाणू वेगळा केला होता. पुढे त्यांच्याच नावावरून त्याला एशेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय म्हणू लागले. तो झपाट्याने वाढतो आणि त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर जनुकशास्त्रज्ञांनी त्याला हाताशी धरलं आणि पाहता पाहता पृथ्वीवरच्या कुठल्याही सजीवापेक्षा त्याच्याबद्दल जास्त माहिती जमा झाली. केमोटॅक्सिसचा प्रश्न पुन्हा उघडायला हाच जिवाणू कामी आला.

तो उघडला ज्युलियस अॅडलरने. जर्मनीत जन्मलेला हा मुलगा १९३८ साली घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. लहानपणी त्याला फुलपाखरांचं वेड होतं आणि प्राणी वागतात तसे का वागतात, हे कुतूहल मोठेपणीही सुटलं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, त्याने फेफरची काचनळी पुन्हा हातात घेतली. या वेळी मात्र नळीत शिरलेले जिवाणू मोजायची सोय केली आणि जोडीला उत्परिवर्तित जिवाणू, म्हणजे ज्यांचा एखादा जनुक बिघडलेला आहे असे, घेतले. १९६६ आणि १९६९ साली सायन्स नियतकालिकात आलेले त्याचे दोन निबंध या विषयाचा पाया आहेत.

त्याचा प्रश्न असा होता: जिवाणू साखरेकडे जातो तो पोट भरतं म्हणून, की साखर आहे हे त्याला कळतं म्हणून? त्याने असे जिवाणू घेतले ज्यांना गॅलॅक्टोज ही साखर पचवता येत नाही. ते तरीही गॅलॅक्टोजकडे गेले. गॅलॅक्टोजसारखी दिसणारी पण न पचणारी फ्यूकोज ठेवली, तिच्याकडेही गेले. उलट काही पदार्थ असे निघाले की ते पचतात, ऊर्जा देतात, पण जिवाणू त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. म्हणजे पोटाचा इथे संबंध नव्हता. जिवाणूच्या अंगावर रसायन ओळखणारी खास प्रथिनं असली पाहिजेत. आपण त्यांना ग्राही म्हणू. ई. कोलायकडे अशा ग्राहींच्या पाच जाती आहेत. त्यांतल्या दोन मुख्य, एक सेरिन या अमिनो आम्लाचा वास घेणारी आणि दुसरी अॅस्पार्टेटचा.

इथे मुंबईची एक आठवण नोंदवावीशी वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकींनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. सत्तरच्या दशकात तिथे ते आणि मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्स चव आणि वास न कळणाऱ्या फळमाश्या शोधत होते. जीव वेगळा, पण विचाराची रीत अॅडलरचीच: ज्याचं नाक बिघडलंय असा जीव शोधा, म्हणजे नाक कशाचं बनलंय ते कळेल.

आता प्रश्न होता पोहण्याचा. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू क्षणात नजरेआड होतो. सेकंदाला तो आपल्या लांबीच्या दहापट अंतर सहज कापतो. कोलोरॅडोच्या हॉवर्ड बर्ग या भौतिकशास्त्रज्ञाने यावर असा सूक्ष्मदर्शक बांधला की जिवाणू जिकडे जाईल तिकडे उपकरण स्वतःच नमुना सरकवायचं, आणि त्या सरकण्याच्या नोंदीतून जिवाणूची वाट तिन्ही मितींत उमटायची. १९७२ साली त्याने आणि डग्लस ब्राउनने नेचरमध्ये त्या वाटा छापल्या. जिवाणू साधारण सेकंदभर सरळ धावतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागापुरता जागच्या जागी गडबडतो, आणि पुन्हा धावतो, पण कुठल्या तरी भलत्याच दिशेला. धाव, कोलांटी, धाव, कोलांटी. दिशा तो निवडत नाही. अन्न वाढत असेल तर एवढंच करतो की कोलांटी लांबणीवर टाकतो आणि धाव लांबते. अन्नाच्या उलट दिशेला निघाला असेल तर धाव नेहमीएवढीच राहते. या एवढ्याशा पक्षपातावर तो शेवटी अन्नापाशी पोचतो. मला या शोधातली ही जागा सर्वांत सुंदर वाटते. वाट माहीत नसताना पोचता येतं, फक्त बरं चाललंय की नाही हे लक्षात राहिलं पाहिजे.

आणि लक्षात राहतं, हे त्याच वर्षी बर्कलीत सिद्ध झालं. रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलंड यांनी पोहणारे जिवाणू एका झटक्यात जास्त सेरिन असलेल्या द्रावणात मिसळले. आता चहूकडे सेरिन सारखंच होतं, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा फरक कुठेच नव्हता. तरीही जिवाणू कोलांट्या विसरून काही काळ सरळ पोहत राहिले, जणू अन्नाच्या दिशेने चाललेत. सेरिन एकदम कमी केलं तेव्हा ते कोलांट्या खाऊ लागले. देहाच्या दोन टोकांची तुलना ते करत नव्हते. ते आत्ताची तुलना मघाशी करत होते, पार्ल्याला उतरणाऱ्या प्रवाशासारखी. पुढच्या मोजमापांत ही आठवण तीन-चार सेकंदांची निघाली.

पुढची दोन वर्षं मी भराभर सांगतो. १९७३ साली बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी दाखवलं की कशाभिका चाबकासारखी हलत नाही, ती मुळापासून फिरते. १९७४ साली मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी कशाभिका काचेला चिकटवून टाकली, तेव्हा सबंध जिवाणूच गरगर फिरू लागला. निसर्गात फिरती मोटर आहे हे पाहणाऱ्याला पटवून देणारा याहून सरळ प्रयोग मला माहीत नाही. मोटर घड्याळाच्या उलट फिरली की कशाभिकांची जुडी बांधली जाते आणि धाव होते. घड्याळाच्या दिशेने फिरली की जुडी सुटते आणि कोलांटी होते.

ग्राहीपासून मोटरपर्यंत निरोप कसा जातो, हे जुळवायला पुढची पंधरा वर्षं गेली. चे-ए नावाचं प्रथिन ग्राहीच्या आतल्या टोकाला चिकटलेलं असतं. ते चे-वाय या छोट्या प्रथिनाच्या हाती फॉस्फेट देतं. चे-वाय ते घेऊन पेशीतून तरंगत मोटरपाशी जातं आणि तिला घड्याळाच्या दिशेने वळवतं. अन्न मिळालं की ग्राही चे-एला गप्प करतो, निरोप्ये कमी होतात, कोलांट्या थांबतात. आठवणीचं काम मिथिल या छोट्या रासायनिक गटाकडे. एक विकर ग्राहीवर मिथिलच्या खुणा चढवतं, दुसरं उतरवतं. ही चढ-उतार सावकाश होते म्हणून त्या खुणा मघाचं सांगतात, आणि ग्राहीच्या तोंडाशी काय चिकटलंय ते आत्ताचं सांगतं. मिथिलची बाजू १९७५ साली अॅडलरच्याच प्रयोगशाळेत उलगडली, फॉस्फेटची १९८८ साली सायमनच्या गटाने दाखवली.

इतकं सगळं कळलं तरी एक समजूत कुणी तपासलीच नव्हती. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत ग्राही प्रथिनं जिवाणूच्या पटलावर सगळीकडे सारखी विखुरलेली असत. कारण जिवाणू म्हणजे विकरांनी भरलेली पिशवी, असंच मानलं जाई. आपल्या पेशींत केंद्रक असतं, वेगवेगळे कप्पे असतात. जिवाणूत कप्पे नाहीत, तेव्हा जागा ठरलेली असण्याचा प्रश्न कुठून येणार? शिवाय इतक्या लहान देहात चे-वाय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पोचतं. मग कुठे काय ठेवलंय याने काय फरक पडतो, असं वाटणं साहजिक होतं.

स्टॅनफर्डच्या ल्युसी शपायरो यांना तसं वाटत नव्हतं. त्या कॉलोबॅक्टर नावाचा पाण्यातला जिवाणू अभ्यासत होत्या. त्याच्या एका पेशीच्या दोन होतात तेव्हा त्या दोघी सारख्या नसतात: एक देठाने चिकटून राहते, दुसरी पोहून जाते. म्हणजे फुटण्याआधीच दोन टोकांना वेगळं काही तरी असलं पाहिजे. १९९२ साली या जिवाणूचे ग्राही टोकाला सापडले. मग जनीन मॅडॉक यांनी शपायरोंबरोबर ई. कोलायकडे मोर्चा वळवला. ग्राहीला चिकटणारी प्रतिपिंडं घेतली, त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडले, जिवाणूचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. सोन्याचे काळे ठिपके टोकांशी दाटलेले दिसले. १९९३ च्या सायन्समध्ये तो निबंध आला. त्यात आणखी एक महत्त्वाचं निरीक्षण होतं: चे-ए किंवा त्याचं जोडीदार प्रथिन चे-डब्ल्यू नसलेल्या जिवाणूत ही टोकाची दाटी बरीचशी मोडते. ग्राही आपले आपण टोकाला गेले नव्हते. त्यांना आतून कुणी तरी एकमेकांशी बांधत होतं.

जिवाणूचं नाक सापडलं, असं वाटून वाचक थांबला असेल तर पुढची गोष्ट त्याने ऐकायलाच हवी. हे नाक पुढे असतं असं मुळीच नाही. ई. कोलाय कुठल्याही टोकाकडून पोहतो. ग्राहींचा मोठा पुंजका कधी पुढे असतो, कधी मागे. वासाची दिशा कळण्यासाठी तो तिथे नाही. मग दाटी कशासाठी?

उत्तराची वाट एका जुन्या कोड्यातून निघाली. काही हजार ग्राहींपैकी अगदी मोजक्यांना अन्नाचा रेणू चिकटला तरी जिवाणूचं वागणं बदलतं, हे बर्गच्या मोजमापांतून दिसलं होतं. एवढा छोटा आवाज एवढा मोठा कुठे होतो? १९९८ साली केंब्रिजच्या डेनिस ब्रे आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये सुचवलं की तो दाटीतच मोठा होतो. एका ग्राहीची अवस्था बदलली की शेजारच्याची बदलते, त्याच्या शेजारच्याचीही. आपल्याकडे ज्यांचं बालपण घाटकोपर-मुलुंडच्या चाळीत गेलं त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पहिल्या मजल्यावर कुणाकडे पाहुणे आले हे सगळ्या गॅलरीला कळायला दारोदार सांगत फिरावं लागत नाही. दारं शेजारी-शेजारी असली की झालं. तीच माणसं दूरदूरच्या बंगल्यांत राहती तर बातमी पहिल्याच घरात विरली असती.

हा तर्क होता. तो मोजला व्हिक्टर सूर्जिक आणि हॉवर्ड बर्ग यांनी, हार्वर्डमध्ये. जिवाणूतल्या दोन प्रथिनांना त्यांनी दोन रंगांत चमकणारी प्रथिनं जोडली. दोघं जवळ आले की चमकेचा रंग बदलतो, म्हणजे निरोपाची ये-जा जिवंत जिवाणूत प्रकाशावरून वाचता येते. २००२ साली त्यांनी आकडा मांडला: ग्राहींच्या पातळीवरच संदेश सुमारे ३५ पट वाढतो, मोटरपाशी निरोप जाण्याआधी. त्याच वर्षी युटामध्ये सँडी पार्किन्सनच्या गटाने दाखवलं की वेगवेगळ्या जातींचे ग्राही तीन-तीन जोड्यांच्या मिश्र टोळ्या करतात. सेरिनवाला आणि अॅस्पार्टेटवाला एकाच टोळीत, एकमेकांना टेकून उभे.

आता फक्त ते प्रत्यक्ष पाहायचं राहिलं होतं. कॅलटेकमध्ये ग्रँट जेन्सन आणि एरियन ब्रीगल यांनी जिवाणू इतक्या झटपट गोठवले की पाण्याचे स्फटिकही बनू नयेत, पाणी काचेसारखं थिजावं आणि आतलं सगळं होतं तिथेच राहावं. मग एकेक जिवाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात थोडा थोडा कलवत असंख्य छायाचित्रं घेतली आणि संगणकाने त्यांतून घन चित्र उभं केलं. ना सोन्याचे कण, ना रंग. २००९ च्या त्यांच्या निबंधात एकमेकांपासून नात्याने फार दूरच्या १३ जातींचे जिवाणू होते आणि सगळ्यांत एकच नक्षी निघाली: जुन्या घरांतल्या षटकोनी लाद्यांसारखी फरसबंदी, दोन षटकोनांच्या मध्यांत १२ नॅनोमीटर अंतर. वहीच्या एका पानाची जाडी जवळपास लाखभर नॅनोमीटर भरते, तेवढ्यात असे आठ हजारांवर षटकोन ओळीने मावतील. २०१२ साली ब्रीगल-जेन्सन यांच्या आणि टेक्सासच्या जुन ल्यू यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ग्राहींच्या टोळ्या खालून चे-ए आणि चे-डब्ल्यूच्या कड्यांनी गुंफलेल्या आहेत. मॅडॉक यांच्या मोडलेल्या दाटीचं कारण आता डोळ्यांना दिसत होतं.

ही फरसबंदी टोकालाच का जमते, यावर निसर्गाची एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत. ई. कोलायमध्ये ग्राही पटलात कुठेही घातले जातात, भटकतात, जो पुंजका सापडेल त्याला चिकटतात. २००९ साली एकेक प्रथिन टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शनाने एकट्या ग्राहीपासून हजारोंच्या पुंजक्यापर्यंत सगळे आकार दाखवले, आणि एवढ्यानेच बराचसा मोठा पुंजका टोकाला येतो हे गणिताने जुळलं. पटकीचा जिवाणू मात्र नशिबावर सोडत नाही. २०११ साली सायमन रिंगगार्ड आणि मॅथ्यू वॉल्डर यांच्या गटाला त्याच्यात एक खास प्रथिन सापडलं, जे पुंजक्याला टोकाला धरून ठेवतं आणि पेशी फुटण्याआधी नव्या टोकालाही एक पुंजका पोचेल याची तजवीज करतं. त्याची एकुलती कशाभिकाही टोकालाच असते, तेव्हा दोन्ही लेकींना नाक आणि वल्हं बरोबरीने मिळतं.

पवई इथे येते ती अभियंत्यांच्या वाटेने. १९९७ साली नामा बरकाई आणि स्टॅनिस्लास लाइबलर यांनी गणिताने दाखवलं की जिवाणूतली प्रथिनं कमी-जास्त झाली तरी बदललेल्या वासाशी जुळवून घेऊन पुन्हा नेहमीइतक्या कोलांट्यांवर येण्याची त्याची शक्ती ढळत नाही. २००० साली कॅलटेकच्या जॉन डॉइल आणि मेल्विन सायमन वगैरेंनी त्याचं कारण अभियांत्रिकीच्या भाषेत सांगितलं: मिथिलची चढ-उतार चूक साठवत राहते आणि ती शून्यावर येईपर्यंत दुरुस्ती थांबवत नाही. रासायनिक कारखान्यातल्या भट्टीचं तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा नियंत्रक हेच करतो. ज्यांचं आयुष्य अशा नियंत्रकांत गेलं त्या रासायनिक अभियंत्यांना जिवाणू एकाएकी आपल्यातला वाटू लागला.

पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी बांधला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. त्याच्या काठावर १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी आयआयटीची कोनशिला बसवली. पहिली तुकडी त्याआधीपासूनच वरळीत शिकत होती. या संस्थेच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागात महेश तिरुमकुडुलु आणि के. व्ही. वेंकटेश यांच्या गटाने गेल्या दशकांत हाच विषय घेतला. एक द्रवांच्या प्रवाहाचे जाणकार, दुसरे जैविक यंत्रणांच्या नियंत्रणाचे. २०१० साली त्यांनी सेरिन आणि मिथिल-अॅस्पार्टेट यांच्या एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ अशा, मोजूनमापून तयार केलेल्या उतारांवर ई. कोलाय कसा सरकतो याची मोजमापं आणि गणितं छापली. पुढे त्यांच्या गटाने एका रूढ गृहीताकडे बोट दाखवलं. बर्गपासून सगळे धरून चालले होते की जिवाणू फक्त कोलांट्यांची संख्या बदलतो, पोहण्याचा वेग तोच राहतो. पवईच्या गटाने एकेका जिवाणूचा आणि काचेला बांधलेल्या जिवाणूच्या मोटरचा वेग मोजला, आणि ग्लुकोजच्या सान्निध्यात वेगही बदलतो असं २०१५ मध्ये मांडलं. ग्लुकोज पेशीत ओढून घेणारी वेगळी प्रथिनयंत्रणा असते. षटकोनी फरसबंदीतून जाणाऱ्या निरोपाखेरीज तिच्याकडूनही मोटरला काही सांगितलं जातं, असा त्याचा अर्थ. म्हणजे हा नकाशा अजून पुरा झालेला नाही.

या सगळ्यातलं काही डोळ्यांनी पाहायचं असेल तर महागडं यंत्र लागत नाही. अॅडलरने १९६६ साली वर्णन केलेला प्रयोग अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत होतो. अमिनो आम्लं घातलेलं अगार बशीत इतकं पातळ लावायचं की जिवाणूला त्यातून पोहता यावं. बशीच्या मध्यभागी प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलायचा एक थेंब टोचायचा आणि उबेत ठेवायची. जिवाणू आधी जागच्या जागी सेरिन खातात. तिथलं सेरिन संपतं, बाहेरचं शिल्लक असतं, आणि त्या फरकाच्या वासावर ते बाहेर निघतात. आठ-दहा तासांत बशीत पांढुरकी कडी दिसू लागतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. बाहेरचं सेरिनच्या मागावरचं, आतलं अॅस्पार्टेटच्या. सेरिनचा ग्राही नसलेला जिवाणू घेतला तर बाहेरचं कडं उमटत नाही. शेजारच्या बशीत चे-ए नसलेला जिवाणू टोचला, तर सकाळी मध्यभागी फक्त एक दाट ठिपका मिळतो. तेही जिवाणू जिवंत आहेत, खातात, वाढतात, त्यांच्या कशाभिका रात्रभर फिरत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सरळ रेषेत सुसाट पोहताना दिसतात, कोलांटी न घेता.